नावं येत असतात तेव्हा प्रेक्षक काय ऐकत असतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आहे, घरातल्या माणसांचा गंभीर ड्रामा. एडिट जवळजवळ लॉक झालाय, म्हणजे आता कापाकापी बदलायची नाही. सुरुवातीच्या टायटल्ससाठी वेगळा, देखणा सीक्वेन्स करून घ्यावा की पहिल्या प्रसंगावरच नावं टाकून मोकळं व्हावं? आणि टायटल्समुळे चित्रपटाचा मूड तयार होतो असं सगळे म्हणतात, तो नेमका कशाने तयार होतो?

मी संकलक. गेली वीसेक वर्षं टायटल्सचं कामही बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडत आलंय, कारण त्यांची आठवण सगळ्यात शेवटी होते आणि तोवर पैसे संपलेले असतात. त्यामुळे माझं उत्तर डिझायनरचं नाही, कापाकापी करणाऱ्याचं आहे.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. मूड तयार होतो तो आधी गतीने, मग आवाजाने. अक्षरं, रंग, चित्रं हे सगळं त्यानंतर. मीटिंगमध्ये मात्र चर्चा नेमकी उलट्या क्रमाने होते. पहिला तास फॉण्टवर जातो आणि आवाजाचं 'नंतर बघू' होतं.

टायटल्स चालू असताना प्रेक्षक काय करत असतो ते एकदा अंधारात मागे उभं राहून बघा. कुणी खुर्चीत सरकतोय, कुणी फोन बंद करतोय, कुणी शेजारच्याच्या कानात अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करतोय. त्याच्याकडून अजून काहीच मागितलेलं नाही. पात्र लक्षात ठेवायचं नाही, नातं समजून घ्यायचं नाही, गोष्ट सुरूच झालेली नाही. डोकं रिकामं असताना अंग मात्र हिशेब करत असतं: इथे गोष्टी किती वेगाने येणार? किती जवळ जाऊन बघावं लागणार? हसलं तर चालेल का? या तीन प्रश्नांची उत्तरं त्याला मिळाली की तुमच्या टायटल्सचं काम झालं. थ्रिलरमध्ये त्याला घाबरवायचं असतं, विनोदी चित्रपटात मोकळं करायचं असतं. ड्रामामध्ये त्याचा वेग उतरवायचा असतो, आणि ते सगळ्यात अवघड, कारण तो रस्त्यावरचा वेग घेऊन आत आलेला असतो.

१९६२ चा 'टू किल अ मॉकिंगबर्ड' याच कारणासाठी मी प्रत्येक नव्या सहायकाला दाखवतो. टायटल्स स्टीफन फ्रँकफर्ट यांची. लहान मुलाचे हात एक जुनी सिगारची पेटी उघडतात. आत मुलांनी जमवलेला खजिना: खडू, गोट्या, घड्याळ, कोरलेल्या बाहुल्या. कॅमेरा या वस्तूंच्या इतका जवळ जातो की गोटी एखाद्या ग्रहाएवढी वाटते. मूल स्वतःशीच गुणगुणतंय. पियानोचे सुटे सुटे सूर, एका बोटाने वाजवल्यासारखे. मग ते मूल कागदावर खडू घासायला लागतं आणि घासता घासता कागदातून चित्रपटाचं नाव वर येतं.

यात गोष्टीचा एक शब्द नाही. पण तो खडू घासायला किती वेळ लागतो ते बघा. खडू घासायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, कुणी घाई केलेली नाही. तिथे तुमच्या लक्षात येतं की आपल्याला आता मुलाच्या उंचीवरून, मुलाच्या सवडीने बघायचंय. शेवटी मूल एक पक्षी काढतं आणि तो कागद फाटतो. एवढ्या शांततेत त्या फाटण्याचा आवाज कुठल्याही किंकाळीपेक्षा जास्त लागतो. पुढे काय येणार आहे ते सांगितलं नाही, पण काहीतरी फाटू शकतं एवढं अंगाला कळलं.

सत्यजित राय यांच्या 'चारुलता'त, १९६४ सालच्या, हीच गोष्ट आणखी साधेपणाने होते. नावं येत असताना दिसतात फक्त एका बाईचे हात, रुमालावर एक अक्षर भरणारे. नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. सुई कापडात जाते, दोरा ओढला जातो, पुन्हा सुई. तुम्ही नावं वाचताय आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून टाके बघताय. टायटल्स संपेपर्यंत तिच्याकडे किती रिकामा वेळ आहे हे तुम्हाला माहीत झालेलं असतं. लगेच पुढे ती घरभर एकटी फिरते, दुर्बीण घेऊन खिडकीतून रस्त्यावरची माणसं बघते, आणि तो लांबलचक, संवाद नसलेला प्रसंग कुणाला लांबलचक वाटत नाही. टाक्यांनी ती तयारी आधीच करून ठेवलेली असते. संकलक म्हणून मला याचा हेवा वाटतो. पहिल्याच प्रसंगासाठी एवढी उधारी मिळवणं सोपं नाही.

'रोमा' अलीकडचा, २०१८ चा. कृष्णधवल फरशी, वरून दिसणारी. दूरवरून बादली-झाडूचे आवाज. मग पाणी येतं, पुन्हा येतं, आणि त्या पाण्यात आकाशाचा चौकोन उमटतो. त्यातून एक विमान जातं. पार्श्वसंगीत नाही. अख्खी नामावली एका फरशीवर. पहिल्यांदा बघताना मी मनात म्हटलं, किती वेळ फरशी दाखवणार? आणि मिनिटभराने मी त्या पाण्याची वाट बघत होतो. 'किती वेळ?' पासून 'कधी येईल?' पर्यंतचं हे अंतर, तेच टायटल्सचं काम. चित्रपटाच्या शेवटी नजर खरोखरच्या आकाशाकडे जाते आणि तिथून विमान जातं, तेव्हा फरशीवरचं ते विमान आठवतं. पण ही मागाहून मिळणारी गंमत. ती कुणाच्या लक्षात आली नाही तरी बिघडत नाही.

आता माझी फजिती सांगतो. दोन बहिणी वडिलांच्या मृत्यूनंतर घर रिकामं करतात, अशी गोष्ट होती. मी अडीच मिनिटांचा सीक्वेन्स केला. जुने फोटो, त्यातले चेहरे हळूहळू धुरकट होत जाणारे, कोपऱ्यातून सरकणारा उजेड, खाली चेलोचे लांब सूर. एडिट रूममध्ये दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं.

पहिला प्रसंग होता तो असा: बहिणी कपाटाची किल्ली शोधतायत आणि एकमेकींना टोमणे मारतायत. तो लिहिला होता हसण्यासाठी. कोरडा, तिरकस, घराघरात चालतो तसा. चाचणीच्या खेळाला तीसेक माणसं होती. एकही हसलं नाही. चेलोने त्यांना सांगून टाकलं होतं की इथे दुःख आहे, नीट बसा. मग माणसं नीट बसली, आणि किल्लीच्या भांडणातही अश्रू शोधत राहिली. तो प्रसंग पडला, त्याच्या आधाराने उभा असलेला पुढचा पडला, आणि वीस मिनिटांनंतर दिग्दर्शक माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

आठवडाभराने आम्ही फोटो आणि चेलो दोन्ही काढून टाकलं. काळा पडदा ठेवला. त्यावर आवाज: खण ओढल्याचा, अडकल्याचा, पुन्हा ढकलल्याचा. खोक्याला चिकटपट्टी लावल्याचा. मध्येच काहीतरी खाली पडल्याचा, आणि मग कुणीच काही न बोलल्याचा. नावं साधी, पांढरी. एकूण ४८ सेकंद. शेवटच्या नावानंतर पुन्हा तोच खण अडकला आणि पहिल्या प्रसंगावर कट. पुढच्या खेळाला लोक किल्लीवर हसले. आणि प्रसंगाच्या शेवटी, जिथे आम्हाला हवं होतं तिथे, हसायचे थांबले.

तेव्हापासून माझा एक ठोकताळा आहे: टायटल्स पहिल्या प्रसंगासाठी कापायची, अख्ख्या चित्रपटासाठी नाही. चित्रपटाचं सार दोन मिनिटांत सांगायचा मोह होतो तेव्हा हमखास शेवटच्या वीस मिनिटांचं दुःख सुरुवातीला सांडतं. मग शेवटी द्यायला उरतं काय?

याला उत्तर म्हणून लोक अमेरिकन टायटल डिझायनर सॉल बास यांचं नाव घेतात. त्यांनी रूपकातून अख्खा चित्रपट सांगितला की. खरं आहे. १९५५ च्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'ची ती कागदातून कापल्यासारखी वेडीवाकडी पांढरी पट्ट्यापट्ट्यांची टायटल्स, जी शेवटी वाकड्या हातात बदलतात, तिथूनच टायटल्सकडे गांभीर्याने बघायची रीत पडली. तोवर कित्येक ठिकाणी नावं पडद्यावर चालू असताना थिएटरचा कापडी पडदा अजून बंदच असे. या चित्रपटाच्या रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्शनवाल्यांसाठी सूचना होती, टायटल्सच्या आधी पडदा उघडा. पण चित्रपट व्यसनी माणसाचा असला तरी त्या पट्ट्या व्यसनाची गोष्ट सांगत नाहीत. त्या चिडचिड सांगतात. सरळ रेषा, अचानक थांबणाऱ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या, वर जॅझ. लगेच पुढे येणाऱ्या माणसाची नसच ती.

सॉल बास आणि त्यांच्या पत्नी एलेन यांनीच १९९३ साली 'द एज ऑफ इनोसन्स'साठी फुलं उमलवली. जाळीदार लेस, तिच्यामागे जुनं वळणदार हस्ताक्षर, आणि कळ्या एकामागून एक उमलतायत. झाकलेली वासना वगैरे अर्थ सगळे सांगतात. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. पहिला प्रसंग ऑपेराचा, आणि तोही फुलांच्या क्लोजअपने सुरू होतो. टायटल्स संपली कुठे आणि चित्रपट सुरू झाला कुठे, ते कळत नाही. रूपक पहिल्या प्रसंगात विरघळतं, म्हणून ते चालतं. तुमच्याकडे असा दुवा नसेल तर फुलं काढायच्या भानगडीत पडू नका.

आवाजाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथे खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त.

'गॉडफादर' (१९७२) कसा सुरू होतो आठवा. काळा पडदा, एकट्या ट्रम्पेटची धून, नाव. धून संपते. पडदा काळाच. आणि त्या काळोखात एक माणूस बोलायला लागतो. चेहरा मागून येतो. एवढाच खेळ. पण चेहऱ्याआधी आवाज आल्यामुळे तुम्ही बघायला नाही, ऐकून घ्यायला बसता, कबुलीजबाब ऐकावा तसे. पुढे खोलीत दुसरा माणूस नेमकं तेच करत बसलेला असतो.

मिखाएल हानेके यांच्या 'द पियानो टीचर'मध्ये (२००१) उलट केलंय. शिकवणीचे तुकडे चालू आहेत, हात पियानोवर, सूर ऐन भरात, आणि मध्येच कट. काळ्यावर पांढरी नावं, पूर्ण शांतता. पुन्हा सूर, पुन्हा तोडला. नावं इथे संगीताची मुस्कटदाबी करतात. चार वेळा असं झालं की तुम्ही सुराचा आनंद घ्यायचंच बंद करता, तो कधी तोडला जाईल याची धास्ती घेऊन बसता. पियानो शिकवणाऱ्या त्या बाईचं घर तसंच आहे. पण हे दिग्दर्शकाला शेवटपर्यंत पेलायला हवं. सुरुवात अशी कठोर आणि आत चित्रपट मऊ, असं झालं तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं.

आणि संगीत लावायचंच असेल तर ते चित्राच्या विरुद्ध लावून बघा. 'रेजिंग बुल' (१९८०) मुष्टियोद्ध्याचा चित्रपट. टायटल्समध्ये तो रिंगमध्ये एकटा, झगा पांघरलेला, स्लो मोशनमध्ये हवेत ठोसे मारतोय. समोर दोरांच्या आडव्या रेषा. वर इटालियन संगीतकार मास्काग्नीच्या ऑपेरातलं इंटरमेझो, म्हणजे मधला नुसत्या वाद्यांचा तुकडा, करुण आणि गोड. ढोल वाजवले असते तर तो खेळाडू झाला असता. त्या व्हायोलिन्समुळे तो स्वतःशीच भांडणारा माणूस झाला, आणि समोर कुणी नाहीच हे पुढचे दोन तास आपण विसरत नाही.

आता टेबलावरच्या गोष्टी.

पडद्यावर अक्षर आलं की डोळा तिकडे ओढला जातो. हे मनावर कोरून ठेवा. नटीने वीस दिवस तालीम करून दिलेली नजर असेल आणि त्याच शॉटवर तुम्ही साउंड असिस्टंटचं नाव टाकलं, तर ती नजर गेली. नाव कुठे येईल हे ठरवताना पुढच्या शॉटमध्ये डोळा कुठे हवा ते बघा, आणि नाव त्या जागेच्या जवळ ठेवा. संवाद चालू असताना नाव नको. वाचणं आणि ऐकणं दोन्ही भाषेचीच कामं, एकदम नीट होत नाहीत.

एक नाव पडद्यावर किती वेळ? मी ते मनात सावकाश दोनदा वाचतो, तेवढा. साधारण अडीच ते तीन सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने ६० ते ७२ फ्रेम. बावीस कार्डं, म्हणजे एकेका वेळी पडद्यावर येणारे नावांचे मजकूर, असतील तर सहासष्ट सेकंद तिथेच गेले, आणि मधले श्वास वेगळे. म्हणून कार्डांची संख्या निर्मात्याकडून लेखी घ्या आणि मग संगीतकाराला फोन करा. उलट क्रमाने केलंत तर धून संपलेली असते आणि सहनिर्माते उरलेले असतात. नावांचा क्रम करारात ठरलेला असतो, त्यात तुमची कलादृष्टी चालत नाही. दिग्दर्शकाचं नाव बहुतेक ठिकाणी शेवटी येतं, ते मात्र कामाचं: ते आलं की प्रेक्षकाला कळतं, आता सुरू.

प्रत्येक नाव तालावर आणू नका. तालावर आलेली नावं जाहिरातीसारखी दिसतात. मी सहा-आठ फ्रेम उशिरा आणतो, कधी लवकर, आणि एखादंच बरोबर समेवर, बहुधा चित्रपटाचं शीर्षक. पहिलं नाव यायच्या आधी पाच-सहा सेकंद रिकामे ठेवा. शेवटचं गेल्यावरही दोन-तीन. निर्माता विचारेल, हे रिकामं का? त्याला सांगा की लोक अजून बसतायत.

अक्षरांबद्दल मी फार बोलणार नाही, फक्त चुका सांगतो. शुद्ध पांढरा रंग अंधाऱ्या थिएटरात डोळ्यांत घुसतो, किंचित राखाडीकडे आणा. बारीक आडव्या रेषांचा फॉण्ट हलताना थरथरतो. लॅपटॉपवर सुंदर दिसणारा आकार मोठ्या पडद्यावर बहुतेक वेळा मोठाच निघतो, तेव्हा लहान करा आणि मग आणखी थोडा लहान. ड्रामामध्ये मोठी अक्षरं ओरडतात. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या चित्रपटांत नावं जाड्याभरड्या कापडाच्या पार्श्वभूमीवर येतात, चित्रपट बदलला तरी तसंच कापड. ते दिसलं की जाणकार प्रेक्षक आपोआप सैलावतो. एवढा विश्वास कमवायला आयुष्य लागतं. आपण निदान ग्लो आणि सोनेरी कडा टाळू या.

देवनागरीत नावं देणार असाल तर रोमन लिपीची युक्ती चालणार नाही. तिथे अक्षरांमधलं अंतर वाढवलं की नाव शांत, ऐसपैस दिसतं. आपल्याकडे तेच केलं की शिरोरेघ तुटते आणि नाव तुकडे झाल्यासारखं दिसतं. शांतपणा हवा असेल तर नावाभोवतीची मोकळी जागा वाढवा. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या भिडत नाहीत ना ते बघा. आणि जोडाक्षरं प्रत्येक सॉफ्टवेअर नीट जोडेल यावर विसंबू नका. फायनल रेंडरमधून, म्हणजे शेवटी तयार होऊन बाहेर पडलेल्या फाइलमधून, प्रत्येक कार्ड, दोन माणसांनी मोठ्याने वाचायचं. एका ज्येष्ठ कॅमेरामनच्या आडनावातलं जोडाक्षर फुटलेलं मी थिएटरात, त्यांच्या शेजारी बसून बघितलंय. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग तुमचा पहिला प्रश्न: वेगळा सीक्वेन्स की प्रसंगावर नावं?

तुमचा पहिला प्रसंग संथ आणि कमी बोलणारा असेल, तर नावं त्यावरच येऊ द्या. 'चारुलता'ने तेच केलंय. तो पहिल्या वाक्यापासून संवादांनी भरलेला असेल तर नावांना आधी स्वतःची जागा द्या, काळ्या पडद्यावर का होईना. चित्रपटाला प्रस्तावनेसारखा लांब भाग असेल, तर शीर्षक मागे ढकलायलाही हरकत नाही. 'ड्राइव्ह माय कार'मध्ये (२०२१) नामावली यायला सुमारे चाळीस मिनिटं लागतात, आणि ती येते तेव्हा इतका वेळ आपण ज्याला गोष्ट समजत होतो तो भूतकाळ होता असं कळतं. पण त्यासाठी मधे काळ खरोखर उलटावा लागतो. नुसतं चमकवण्यासाठी केलं तर प्रेक्षक घड्याळ बघतो.

देखणा, खर्चिक, वेगळा सीक्वेन्स मी शेवटचा पर्याय धरतो. डिझायनर कमी पडतात म्हणून नाही. तो बनतो वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसांकडून, बहुतेक वेळा चित्रपट पूर्ण न बघता, आणि तो स्वतःपुरता सुंदर असतो.

काही ठरवायच्या आधी एक करून बघा. पहिल्या प्रसंगाच्या जागी जा, म्हणजे जिथे शूट केलं त्या खोलीत, आणि दहा मिनिटं फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करा. माणसं नकोत, संवाद नकोत. पंखा, दार, जिना, खालून येणारं जे काही असेल ते. तो आवाज टाइमलाइनवर टाका, वर काळा पडदा, वर नावं साध्या फॉण्टमध्ये, तीन-तीन सेकंदांनी. मग पहिल्या प्रसंगाला जोडून अशा माणसाला दाखवा ज्याने चित्रपट बघितलेला नाही. त्याच्या शेजारी बसा, पडद्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. चौथ्या-पाचव्या नावाला त्याची पाठ खुर्चीला टेकते का ते बघायचंय. टेकली तर तुमची टायटल्स झालीत, फॉण्ट तेवढा निवडा. नाही टेकली तर त्या दहा मिनिटांतला दुसरा तुकडा लावून बघा, संगीतकाराला अजून फोन करू नका.